आमच्या दाजींचं डोकं

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. सव्वीस वर्षं झाली, पोरांकडून पाढे पाठ करून घेतोय. माझ्या वर्गातलं कुठलंही पोर झोपेतून उठवा, तीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणेल. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. जे डोक्यात आहे ते आपलं, बाकी सगळं उसनं, असं मी पोरांना सांगत आलो. मोबाइलमध्ये बघून उत्तर देणारं पोर दिसलं की माझी तार सटकते. बायको म्हणते, तुमचं ओरडणं पाटोद्याच्या बाजारापर्यंत ऐकू जातं. जात असेल. पण माझी ही खोड शेवटी एका माणसानं मोडली, आणि तो माणूस धड सहीसुद्धा करू शकत नाही. तो माझा मेहुणा, माझ्या मोठ्या बहिणीचा, कडूबाईचा नवरा. नाव सटवा. मी त्यांना दाजी म्हणतो आणि बहिणीला अक्का.

आमचं घराणं मेंढपाळांचं. शिकून नोकरीला लागलेला मी पहिलाच. दाजींच्या मागच्या सात पिढ्या मेंढरांमागे फिरल्या आणि तेही लहानपणापासून तेच करतात. त्यांचा कळप किती मोठा, हे मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं, कारण मेंढ्या मोजायच्या नाहीत अशी आमच्यात रीत आहे. मोजलेल्या कळपाला दृष्ट लागते म्हणतात. मी नुकता शाळेत जाऊ लागलो होतो तेव्हा दाजी नवे जावई होते. मी त्यांना विचारलं होतं, "मोजत नाही तर संध्याकाळी सगळ्या आल्या हे कळतं कसं?"

दाजी म्हणाले, "घरात जेवाया बसल्यावर मानसं मोजता का तुमी? जो न्हाई आला त्यो दिसतोच की."

त्यांना खरंच दिसायचा. प्रत्येक मेंढीचं तोंड, तिची चाल, तिची आई, आईची आई, सगळं पाठ. कोणती मेंढी कोणत्या दुष्काळात जन्मली आणि कोणत्या बांधावर, तेही. माझ्या वर्गातली चाळीस पोरं मला जून संपेपर्यंत नावानं ओळखू येत नाहीत. मनातून मला दाजींचा हेवा वाटायचा.

तीन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, रस्ता ओलांडताना एका मोटारसायकलनं त्यांना उडवलं. डोकं दगडावर आपटलं. योगायोगानं मी शाळा सुटून त्याच रस्त्यानं येत होतो. जीप थांबवली, दाजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि बीड गाठलं. वाटेत त्यांनी तीनदा विचारलं, "मेंढ्या कुणापाशी हायेत?" तिन्ही वेळा मी सांगितलं, अक्कापाशी आहेत. तेव्हा मला त्यातलं काही लक्षात आलं नाही. पुढं डॉक्टरांनी समजावलं. जुनं सगळं शाबूत आहे. नवं मात्र टिकणार नाही. काही राहील, बरंचसं एक-दोन दिवसांत निघून जाईल.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, देवानं वाचवलं, थोडक्यात निभावलं. दाजी घरी आले आणि अक्काच्या लग्नात कोण कोण रुसून बसलं होतं ते नावानिशी सांगायला लागले. आम्ही हसलो. मग दिवाळीच्या सुमारास कोकरं झाली आणि आमचं हसणं थांबलं.

कळप दिवसभर चरायला जातो तेव्हा लहान कोकरं तळावर, वाघुरीत, म्हणजे दोरीच्या जाळ्याच्या कुंपणात ठेवतात. संध्याकाळी कळप परतला की एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. दाजींचं ते आवडतं काम. त्या वर्षी ते कोकरू हातात घेऊन उभे राहत आणि अक्काला विचारत, "ही कुनाची गं?" अक्का सांगायची. दुसऱ्या दिवशी तेच कोकरू, तोच प्रश्न. जुन्या मेंढ्या सगळ्या ओळखीच्या, आणि कोकरं रोज नवी पाहुणी. मेंढीचं आयुष्य ते केवढं? सात-आठ वर्षांत जुन्या सरतील आणि दाजी स्वतःच्याच कळपात परक्यासारखे उभे राहतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी अक्काला म्हणालो, "विकून टाकू." अक्का उठून वाघुरीतलं पुढचं कोकरू उचलायला गेली.

उपाय काढला तिच्या लेकीनं. रोहिणी बीडला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली आणि तिनं बापाला एक साधा टचचा फोन घेऊन दिला. व्हॉट्सॲपवर एक ग्रुप काढला. त्यात दाजी, अक्का, ती स्वतः आणि मी. बापाला ती अण्णा म्हणते, म्हणून ग्रुपचं नाव ठेवलं, 'अण्णांचं डोकं'. दाजींना वाचता येत नाही, पण माइकचं चित्र दाबून बोलायचं आणि बाणाचं चित्र दाबून ऐकायचं, एवढं ते दोन दिवसांत शिकले. हात शिकतो ते टिकतं, असं रोहिणी म्हणाली. तिला ते कॉलेजात शिकवलं असावं.

पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून घोटाळा झाला. तिनं सगळ्या कोकरांचे फोटो काढले आणि त्यांना आकडे दिले. एक, दोन, तीन. आकडे बापाला वाचून दाखवत ती सतरापर्यंत आली आणि दाजी ताडकन उठले.

"मोजलंस?"

"अण्णा, नुसते नंबर..."

"मोजलंस तू माझ्या लेकरांला?"

त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. रोहिणीनं त्यांच्यासमोर एकेक आकडा पुसला. मग असं ठरलं की आकडे नाहीत, नावं. आणि नाव त्या दिवशी जे घडलं त्यावरून. अशी आमच्या कळपात 'पंक्चर' आली, 'आधार' आली, 'वायरमन' आला. रोहिणीच्या पेपरच्या दिवशी झालेली 'परीक्षा' तर पहिले आठ दिवस जगते की मरते अशीच होती.

फोटोचा तसा उपयोग झाला नाही. चार दिवसांचं कोकरू आणि आठ महिन्यांची मेंढी, फोटोत मेळ कुठला बसायला? उपयोग झाला तो दाजींच्या बोलण्याचा. कोकरू झालं की दाजी त्याला मांडीवर घेत, सगळीकडून निरखत आणि फोनात बोलत. एक मासला सांगतो. "आज काळतोंडीला झाली. डाव्या कानाच्या मुळात भोवरा हाय. चालती तवा मागचा पाय भायेर टाकती. मोठी झाली तरी टाकंल, काळतोंडीची आई बी तशीच चालायची. सरपंचाची गाडी बसलती आज, म्हणून हिचं नाव पंक्चर." वय वाढलं तरी जे बदलणार नाही, नेमकं तेच ते सांगत. पारख त्यांची शाबूत होती, फक्त पारखलेलं ठेवायला जागा नव्हती. ती जागा आता ग्रुपमध्ये झाली.

मग काय, डोंगरात दाजी एखाद्या मेंढीपुढे अडले की ग्रुपवर विचारत, "मागचा पाय भायेर टाकती, ही कोन?" रोहिणी वॉर्डातून बाहेर येऊन जुना आवाज शोधून पाठवायची. नाहीतर अक्का तळावरून बोलायची. प्रश्न दाजींना डोंगरात पडायचा आणि उत्तर बीडमध्ये आठवायचं.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. उंटावरून शेळ्या हाकायची ही नवी तऱ्हा, असं मी म्हणालोही. दिवसातून वीस वेळा फोन टुंग टुंग वाजायला लागला तेव्हा मी ग्रुप म्यूट केला, कायमचा. रोहिणीला म्हणालो, "फोन काढून घेतला तर तुझ्या बापाकडं उरलं काय? याला काय आठवण म्हणायचं?"

ती म्हणाली, "मामा, मामीचा नंबर पाठ आहे तुम्हाला?"

मी विषय बदलला. नव्हता पाठ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पुढच्या वर्षीची गोष्ट. खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. काठी, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री, सगळं धुऊन मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. त्या वर्षी दाजींनी त्या मांडणीत फोनही ठेवला. पाणी शिंपडलं, हळद लावली, चिमूटभर कुंकू वाहिलं, हात जोडले. अक्कानं विचारलं, "ह्याला कावून?" दाजी म्हणाले, "समद्यात जास्त काम ह्योच करतोय की." कुंकू नेमकं चार्जिंगच्या भोकात गेलं. दुसऱ्या दिवशी फोन बंद. पाटोद्याच्या दुकानदारानं बारीक ब्रशनं ते कुंकू उकरून काढेपर्यंत चार दिवस गेले. तो म्हणे अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकिगत सांगतो.

त्या चार दिवसांत मी तळावर गेलो होतो. सुट्टी होती आणि कळप विकायचा विषय मला पुन्हा काढायचा होता. तो काढायच्या आतच ढवळी नावाची म्हातारी मेंढी व्याली. दाजी कोकरू मांडीवर घेऊन बसले आणि सवयीनं खिशाकडं हात गेला. खिसा रिकामा. माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, तुमच्या फोनात बोलू का? मंग तुमी टाका गुरूपमदी."

मी रेकॉर्डर चालू करून फोन त्यांच्यासमोर धरला. खरं सांगतो, मी ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात मेंढ्यांच्या एका व्यापाऱ्याशी झालेलं बोलणं घोळत होतं. त्यांचं झाल्यावर मी म्हणालो, "पाठवतो नंतर." तळावर रेंज नव्हती. मग घरी आलो, दिवाळी आली, शाळा सुरू झाली. मी विसरलो.

आता या उन्हाळ्याचं सांगतो. तेलगावच्या बाजूला चारायला गेले असताना दाजींनी दुसऱ्याच्या दोन मेंढ्या आपल्या म्हणून आणल्या आणि आपल्या तीन तिकडंच राहिल्या. फोनला दिवसभर रेंज नव्हती. मेंढ्या पुढं परत मिळाल्या, पण चारचौघांत बोलणं झालं. अक्काचे गुडघे दुखतात. दिवसभर नवऱ्यामागं आणि कळपामागं चालणं तिला जमेनासं झालं होतं. मी ठरवलं, आता बास. मे महिन्यात कळप बीडजवळ पालीला, बिंदुसरा तलावाच्या कडेनं होता. मी एका व्यापाऱ्याला तिथं दुपारी तीनला यायला सांगितलं आणि सकाळीच जाऊन पोचलो.

अक्का म्हणाली, "मी हो म्हनत न्हाई आन न्हाई बी म्हनत न्हाई. त्यांना इचार."

मी दाजींना विचारलं. ते कळपाकडं वळले. मग म्हणाले, "मेंढ्या गेल्यावर सकाळच्याला उठून मी कुटं जाऊ, मास्तर?"

"घरी राहा. आराम करा."

"घरात बसल्यावर मला जुनं बी आठवायचं न्हाई."

तरी मी व्यापाऱ्याला येऊ नका म्हणालो नाही. शेवटी म्हणालो, "दाजी, तेलगावला झालं तसं पुन्हा झालं तर? तुमच्या मेंढ्या तुम्ही वेगळ्या काढू शकता, एवढं मला एकदा दिसू द्या. मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

ते दिसायची वेळ तासाभरात आली. दाजींचा चुलत भाऊ म्हाळू आपला कळप घेऊन तलावावर पाण्याला आला होता. दोन्ही कळप शे-दोनशे पावलांवर. एवढ्यात रस्त्यानं लग्नाची वरात आली, डीजेची भिंत घेऊन. तो आवाज माणसांना सोसत नाही, मेंढ्यांना काय सोसणार? दोन्ही कळप उधळले आणि एकमेकांत शिरले. धूळ खाली बसली तेव्हा एकच मोठा कळप उभा होता. एकाच घराण्यातले म्हणून ओळखीसाठी कानाला दिलेला कापही एकच. म्हाळूनं वरातीला उद्देशून जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

अशा वेळी काय करायचं याची रीत ठरलेली आहे. दोघं दोन दिशांना चालत गेले आणि आपापली हाक दिली. ते बघण्यासारखं होतं. कळप मधोमध फाटला आणि दोन्हीकडं वाहायला लागला. दाजींना त्यातल्या कित्येकींची ओळख नव्हती, पण त्यांना दाजींची होती. मात्र अर्धवट वयाची, हूड मेंढरं तेवढी मध्येच घोटाळत राहिली. मी सवयीनं ती मनात मोजायला लागलो, तर दाजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली.

मध्ये राहिलेली तोंड बघून ओळखायची, हीही रीतच. दाजींनी खिशातून फोन काढला.

म्हाळू म्हणाला, "सटवा, हे न्हाई चालायचं बे. तोंड बघून सांग. फोन बघून कुनीबी सांगंल."

"त्याच्याबिगर मला न्हाई येत."

"मंग ती वळख तुजी न्हाई, फोनाची."

माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते मला आवडलं नाही. मी काही बोलणार तेवढ्यात अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. म्हणाली, "म्हाळू भाऊजी, तुमच्या पोरीची सोयरीक कुटं कुटं बोलली व्हती ते सांगा बरं. सांगा की. बायकूला इचारल्याबिगर तुमाला जावयाचं गाव तरी ठावं हाय का? तिचं डोस्कं वापरलेलं चालतं, आन ह्यांनी लेकीचं वापरलं तर रीत मोडती?"

म्हाळू हसला. माणूस तोंडाचा फटकळ, पण मनाचा सरळ. म्हणाला, "बरं बाबा, ऐकीव तुजं डोस्कं."

मग तासभर जे चाललं ते मी पहिल्यांदाच बघत होतो. दाजी एकेका मेंढीला चालायला लावायचे, कान चाचपायचे, ओठ उलटून बघायचे आणि ग्रुपवर विचारायचे. तिकडून रोहिणी त्यांचाच जुना आवाज शोधून पाठवायची. फोनातले दाजी सांगायचे, बाहेरचे दाजी खातरजमा करायचे. भोवरा आहे? आहे. पाय बाहेर टाकते? टाकते. मग तिच्या आईला, जुन्या ओळखीच्या मेंढीला, हाक मारायची. ती येऊन हुंगायची. 'पंक्चर' निघाली, 'आधार' निघाली. एकदा फोनातल्या आवाजानं सांगितलं की खालच्या ओठाला आतून काळा ठिपका असेल. नव्हता. दाजींनी ती मेंढी स्वतःच म्हाळूकडं ढकलली. त्यानंतर म्हाळू स्वतःच मेंढ्या धरायला पुढं आला. मी दगडावर बसून विचार करत होतो की ह्यातलं कोणतं आठवणं दाजींचं आणि कोणतं फोनाचं, ते मला वेगळं काढता येईल का. मेंढ्या वेगळ्या निघत होत्या, ते काही निघत नव्हतं.

शेवटी एक राहिली. काळी, अंगानं भरलेली, कपाळावर एक पांढरा फराटा. दाजींनी तिला सगळीकडून निरखलं. ग्रुपवर विचारलं. रोहिणीनं सगळं धुंडाळलं आणि म्हणाली, "अण्णा, हिचं काहीच नाही." अक्कालाही सांगता येईना. ती म्हणाली की खंडेनवमीच्या संध्याकाळीच ती गुडघ्यांच्या उपचारासाठी माहेरी, आमच्याकडं आली होती, ती पुढं महिनाभर. म्हाळू म्हणाला, "माजी असंल. मलाबी पक्कं न्हाई."

दाजी खाली बसले. त्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तूच ने म्हाळू. मला न्हाई आठवत." मग माझ्याकडं वळले. "मास्तर, बोलवा तुमच्या यापाऱ्याला. तुमचं खरं हाय. आज ही एक हाय. उद्या समद्याच अशा असत्याल."

जे व्हावं म्हणून मी वर्षभर खटपट केली ते झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्या मेंढीकडं बघत होतो, तिच्या कपाळावरच्या फराट्याकडं. खडू लागलेलं बोट पुसावं तसा. हे शब्द मी कुठं ऐकले होते? खडूचं बोट. कुणी म्हटलं होतं?

मी फोन काढला. रेकॉर्डर उघडला. त्यात स्नेहसंमेलनातल्या भाषणाच्या खाली, खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकलेला एक आवाज पडून होता, आठ महिने, कुणीही न ऐकलेला. मी तो लावला.

आधी ढवळीचं ओरडणं. मग दाजी. "ढवळीला झाली. अंग समदं काळं. कपाळावर खडूचं बोट पुसल्यावानी पांढरा फराटा हाय. उजव्या खुराची फट जरा जास्त हाय, ती तशीच ऱ्हानार. आज आमचे मास्तर आल्यात. रोहिणीची आई सांगती, मी पडलो तवा ह्यांनीच माझं डोस्कं मांडीवर घिऊन बीडला नेलतं. वाटंत मी तेच तेच इचारत व्हतो आन ह्यांनी दर बारीला सांगितलं म्हनं, चिडले न्हाईत. मला त्यातलं काईच ठावं न्हाई. पर असं इसरून जानं बरं न्हाई. म्हणून हिचं नाव मास्तर ठिवलंय. हिला बघितल्यावर मला कुनीतरी सांगा रे, कावून ठिवलं ते." शेवटी माझा स्वतःचा आवाज होता, घाईतला. "झालं का दाजी? पाठवतो नंतर."

म्हाळूनं वाकून उजवं खूर उचललं, फट बघितली आणि खाली ठेवलं. दाजींनी ढवळीला हाक मारली. म्हातारी लंगडत आली, त्या काळ्या मेंढीला हुंगलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

म्हाळू म्हणाला, "न्या. माज्या कळपात असला मास्तर न्हाई."

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, तलावाच्या काठावर, मेंढ्यांसमोर. रडलो ते लाजेनंही आणि कृतज्ञतेनंही. दाजींनी आपल्या विसरलेल्या डोक्याचा एक तुकडा विश्वासानं माझ्याकडं दिला होता, आणि माझ्यासारख्या पाठांतराचा टेंभा मिरवणाऱ्या माणसानं तो हरवून ठेवला होता. त्यांचं डोकं कमी पडलं नव्हतं. त्यातला माझा भाग झोपला होता. डोकं म्हणजे काय रांजण आहे का, की आत मावेल तेवढंच आपलं? दाजींचं डोकं बीडला रोहिणीपाशी होतं, तळावर अक्कापाशी होतं, कुठल्या कुठल्या टॉवरवरून ये-जा करत होतं, आणि थोडंसं माझ्या खिशात होतं. आणि माझं? मला माझा नंबरही कुणाला सांगायचा तर फोनात बघावा लागतो.

दाजी माझ्याजवळ आले. माझ्या फोनाकडं बोट करून म्हणाले, "पुन्यांदा लावा." मी लावला. ते मन लावून ऐकत होते, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ऐकावी तसे. संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, खरंच तुमी नेलतं व्हय मला? लई उपकार झाले बगा." तीन वर्षांनी त्यांनी ते मला तोंडावर सांगितलं, आणि त्यांच्यासाठी ते आजच घडलं होतं.

व्यापाऱ्याचा फोन आला तेव्हा तो अक्कानं घेतला. "आमाला इकायच्या न्हाईत," एवढंच म्हणाली आणि मला परत दिला. मी तो आवाज आठ महिने उशिरा ग्रुपवर टाकला. रोहिणीनं खाली लिहिलं, "मामा, आलात एकदाचे डोक्यात." मी म्यूट काढलं.

दाजी दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले. पण 'मास्तर' समोर आली की ते अडतात, ग्रुपवर विचारतात, आणि कुणीतरी तो आवाज लावतं. मग मला फोन येतो. "मास्तर, तुमी नेलतं म्हनं मला. लई उपकार झाले." आतापर्यंत किती वेळा आला ते मी मोजलेलं नाही. दर वेळी मी नव्यानं म्हणतो, "उपकार कसले दाजी, तुमच्यामुळं माझंही डोकं ठिकाणावर आलं." ते हसतात. मला खरंच तसं वाटतं.

रोहिणीची आता रुग्णालयात ड्युटी असते, म्हणून सकाळची पाळी माझ्याकडं आहे. परवा वर्गात एकोणतिसाचा पाढा चालू होता आणि खिशातला फोन टुंग वाजला. मी काढून बघायला लागलो, तर पहिल्या बाकावरचा एक आगाऊ पोरगा म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच म्हणता ना, फोनात बघायचं नाही?"

मी चष्मा वर केला आणि म्हणालो, "गप रे जरा. आमच्या दाजींना काहीतरी आठवतंय."